फ्रेंच ब्राँझचा अर्धपुतळा हाती आला तर: तपासणी, शिल्पकाराचा शोध आणि नागपूरच्या हवेत जपणूक

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच ब्राँझचा अर्धपुतळा वाड्याच्या वाटणीत आला, सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्याच्या सामानातून मिळाला किंवा मुंबईच्या चोर बाजारातून उचलून आणला, तरी पहिल्या दिवशी त्याला काहीही लावू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, ब्रासो, सगळं लांब ठेवा. बफिंगवाल्याकडे तर अजिबात नेऊ नका. समई घासली की लख्ख होते, कारण वरचा थर निघून पितळ उघडं पडतं. पुतळ्याचा तपकिरी, काळपट किंवा हिरवट रंग म्हणजे मळ नाही. ओतशाळेत धातू तापवून त्यावर रसायनं लावून तो रंग मुद्दाम चढवलेला असतो. याला पॅटिना म्हणतात. तो एकदा घासला गेला की किंमत तर उतरतेच, शिवाय पुतळ्याचं वय आणि घराणं सांगणारा पुरावाही जातो.

तपासणीचा क्रम असा ठेवा: आधी धातू, मग ओतकाम, मग मोजमाप, मग शिक्के आणि सगळ्यात शेवटी शिल्पकाराचं नाव. बहुतेक लोक नेमके उलटे जातात. सही दिसली की नाव नेटवर टाकतात, लिलावातले आकडे बघतात आणि तिथून पुढे डोळे मिटतात. वास्तविक सही ही नक्कल करायला सगळ्यात सोपी गोष्ट आहे.

उचलताना

अर्धपुतळा डोक्याला किंवा हनुवटीला धरून कधीच उचलू नये. फ्रेंच पुतळ्याला खाली बहुधा कंबर आवळल्यासारखी लहान गोल बैठक असते. तिच्याखाली संगमरवराचा ठोकळा येतो आणि सगळं मधल्या एका आटेदार सळईवर आणि नटवर उभं असतं. दीडशे वर्षांत तो नट ढिला झालेला असतो. एका माणसाने दोन्ही हात खांद्यांच्या खाली घालावेत, दुसऱ्याने बैठक धरावी. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा आणि हातात नायट्राइलचे मोजे घाला. घामातल्या मिठाचा ठसा काही महिन्यांनी धातूवर कायमचा उमटतो. पुतळा जाड चादरीवर आडवा करा आणि मानेखाली उशी द्या. नट गंजलेला असेल तर पाना लावून जोर करू नका, संगमरवर तडकतो.

धातू: ब्राँझ, जस्त की रेझिन

त्या काळात गरिबाचं ब्राँझ म्हणून जस्ताचे पुतळे ढिगाने निघाले. वरून ब्राँझचा रंग, आत करडा धातू. शिवाय आजकाल ब्राँझची पूड मिसळलेल्या रेझिनचे पुतळेही बाजारात आहेत, आणि मुरादाबादी पितळेचेही.

लोहचुंबक लावून बघायची सर्वांना घाई असते. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे एवढंच कळतं. नाही चिकटला म्हणजे ब्राँझ, असं नाही, कारण जस्त, पितळ आणि रेझिन यांनाही तो चिकटत नाही. वजनाचंही तेच. ब्राँझची घनता ८.७ च्या आसपास, जस्ताची ७.१. एवढा फरक नुसत्या हाताला कळत नाही, कारण भिंतीची जाडी प्रत्येक पुतळ्याची वेगळी. ४० सेंमी उंचीचा आणि ५ मिमी जाडीचा ब्राँझ पुतळा दगडी ठोकळा सोडून १० किलोच्या आगेमागे भरतो. तेवढ्याच आकाराचा पुतळा एका हातात सहज खेळवता आला, तर शंका घ्या. पण जड आहे म्हणून खरा, हे मात्र चालणार नाही. रेझिनमध्येही वजन भरतात.

खरी परीक्षा खाली, आतल्या कडेवर. जिथे कधीच कोणाची नजर जात नाही अशा जागी सुईने २ मिमीचा ओरखडा काढा आणि दहापट भिंगातून बघा, सराफाच्या भिंगाने काम होतं. सोनेरी, किंचित लालसर झाक दिसली तर ब्राँझ. फिकट पिवळी असेल तर पितळेकडे झुकणारा मिश्रधातू. चंदेरी करडी दिसली तर जस्त. ओरखडा काढायची इच्छा नसेल तर नाकाचा शेंडा, भुवईची कड आणि कानाची पाळी बघा. पुसून पुसून तिथला थर आधी जातो. ब्राँझमध्ये त्या जागी उबदार सोनेरी धातू दिसतो, जस्तात मात्र करडा ठिपका. जस्त ठिसूळ असतं, त्यामुळे मानेला किंवा खांद्याला तडा आणि त्यावर शिशाच्या डाकाची जाड रेघ दिसली तरी तेच समजा.

बोटाच्या पेराने टकटक केली तर ब्राँझ नाद देतं, जस्त आणि रेझिन बद्द वाजतात. पण ठोकळ्याला आवळलेला किंवा आत प्लास्टर राहिलेला खरा पुतळाही बद्द वाजतो, म्हणून नट सोडवल्यावरच ऐका. नागपूरच्या इतवारीत टंच काढणाऱ्या (सोन्याची शुद्धता तपासणाऱ्या) दुकानांत एक्स-रे यंत्रं असतात. ती सोन्यासाठी जुळवलेली असल्याने तांबं, कथील, जस्ताचे आकडे अंदाजापुरतेच धरा. बहुतेक वेळा पुतळा त्या पेटीत मावतच नाही. म्हणून कोणी धातूचा कीस मागितला तर सरळ नाही म्हणा.

पोटात काय दिसतं

पुतळ्याची पाठ आणि पोट जेवढं सांगतात तेवढं चेहरा सांगत नाही. मोबाइलचा टॉर्च आत धरा.

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये बरंचसं काम वाळूच्या साच्यात व्हायचं. पुतळा तुकड्यांत ओतायचा आणि मग तुकडे एकमेकांत बसवून आतून खिळ्यांनी जोडायचे. त्यामुळे आत खरखरीत, दाणेदार पृष्ठभाग, मानेजवळ किंवा खांद्याजवळ आडवा सांधा आणि ठोकून बसवलेल्या गोल खिळ्यांची डोकी दिसतात. बाहेरून हा सांधा इतका सफाईने छिन्नीने मिटवलेला असतो की पॅटिनाखाली सापडत नाही. तो बाहेरून नुसत्या डोळ्यांना ठसठशीत दिसत असेल तर एकतर काम दुय्यम ओतशाळेचं किंवा पुतळा कधीतरी पडून पुन्हा जोडलेला.

मेणाच्या पद्धतीने, म्हणजे साच्यातलं मेण वितळवून त्या जागी धातू भरून, ओतलेल्या पुतळ्याचं पोट वेगळं. आतला भाग बाहेरच्या चेहऱ्याच्या वळणाने जातो, नाकामागे खळगा दिसतो, कुठे कुठे मेणाचे ओघळ धातूत तसेच उतरलेले असतात. पुतळा पोकळ राहावा म्हणून आत भरलेला गाभा धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळयांची टोकं, विटेसारखा लाल किंवा प्लास्टरचा पांढरा भुगाही सापडतो. हा भुगा खरवडून साफ करू नका. तो पुरावा आहे. फक्त पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो, हे लक्षात असू द्या.

नट-बोल्ट बघा. हाताने कापलेला ओबडधोबड चौकोनी नट जुन्या कामाला शोभतो. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. तो दिसला म्हणजे निदान तो स्क्रू तरी नंतरचा. स्क्रू बदललेला असू शकतो, म्हणून एवढ्यावरून पुतळ्याला नकली ठरवू नका. पण आत सगळीकडे एकसारखी यंत्राने ग्राइंडिंग केल्याची वर्तुळं आणि एकसारखा काळा स्प्रे पेंट असेल, तर पुढची मेहनत वाचवा.

कॅलिपर काढा

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. तयार ब्राँझ पुतळ्यावरूनच साचा काढून दुसरा ओतला, तर धातू थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतो. म्हणजे मूळ ६० सेंमीचा पुतळा ५९ सेंमीच्या आसपास उतरतो. उंची मोजून उपयोग नाही, कारण बैठक बदललेली असते. बाहेरच्या मापाच्या कॅलिपरने एका कानाच्या मागच्या कडेपासून दुसऱ्या कानाच्या कडेपर्यंत, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत आणि डोळ्यांच्या बाहेरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर घ्या. ही मापं, मिलिमीटरमध्ये, खात्रीच्या प्रतीशी जुळवायची. त्याच मॉडेलची प्रत कुठल्या संग्रहालयात आहे ते पाहून तिथे ई-मेलने माप विचारता येतं. सभ्यपणे आणि फोटोंसह विचारलं तर उत्तर मिळण्याची आशा असते. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाचा संग्रह ऑनलाइन पाहता येतो, शोध तिथून सुरू करा.

तिन्ही मापं एकाच प्रमाणात दोन टक्क्यांनी कमी भरली तर तो प्रतीवरून काढलेला पुतळा आहे. मात्र फरक दहा-वीस टक्क्यांचा असेल तर घाबरू नका, ती अधिकृत लहान आवृत्ती असू शकते. त्याबद्दल पुढे आलंच आहे. आकसण्याबरोबर धारही जाते: पापणीची कड गोल होते, केसांच्या बटांमधल्या खाचा भरतात आणि सहीची अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी पुसट होतात.

शिक्के आणि सह्या

सही बहुधा पाठीवर, खांद्याच्या कडेला किंवा बैठकीच्या बाजूला असते. मोबाइलचा टॉर्च जवळजवळ समांतर धरून तिरप्या उजेडात फोटो काढा. खडू, पावडर किंवा कणीक अक्षरांत घालू नका, ती निघत नाही. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने हलका ठसा घेतला तर चालतो. भिंगातून अक्षराच्या तळाशी बघा. तळाशीही पॅटिना असेल तर अक्षर पुतळ्याबरोबरचं. तळ चकचकीत आणि कडा थरथरल्यासारख्या असतील तर ते नंतर यंत्राने कोरलेलं.

नावासोबतचे शब्द वाचता आले पाहिजेत. ‘फोंदर’ म्हणजे ओतणारा, शिल्पकार नव्हे. ‘सीर पेर्द्यू’ म्हणजे मेणाच्या पद्धतीचं ओतकाम. ‘देपोजे’ म्हणजे नमुना नोंदवलेला. ‘दाप्रे’ म्हणजे अमक्याच्या कृतीवरून, त्याच्या हातची प्रत नव्हे.

ओतशाळांमध्ये सर्वांत जास्त भेटणारं नाव बार्बेदिएन. फेर्दिनां बार्बेदिएन (१८१०–१८९२) आधी भिंतीचे कागद विकायचा. अशील कोला याने शिल्पाची हुबेहूब लहान प्रत काढणारं यंत्र १८३६ मध्ये बनवलं आणि १८३८ मध्ये दोघांनी मिळून कंपनी काढली. त्यामुळे कोलाचा छोटा गोल शिक्का, ज्यात यांत्रिक पद्धतीने लहान केल्याचे फ्रेंच शब्द असतात, हा कमीपणा नाही. ती त्या काळची अधिकृत, दर्जेदार लहान आवृत्ती असते. ‘लब्लां-बार्बेदिएन’ असं जोडनाव असेल तर प्रत १८९२ नंतरची, कारण त्या वर्षी धंदा भाच्याकडे गेला. सूस फ्रेर, थिएबो फ्रेर, सिओ-दकोव्हील ही बाकीची वारंवार दिसणारी चांगली घराणी.

इथेच एक गोष्ट पक्की करून टाका: मॉडेलची तारीख आणि ओतल्याची तारीख वेगळ्या असतात. शिल्पकार झाँ-आंत्वान उदों (१७४१–१८२८) याने फ्रेंच विचारवंत व्होल्तेरचा चेहरा १७७८ मध्ये केला. त्याच्या ब्राँझ प्रती पुढचं सगळं एकोणिसावं शतक निघत राहिल्या. सहीत १७७८ असणं आणि पुतळा १८८० चा असणं यात काही विसंगती नाही. विकणारा मात्र पहिलाच आकडा मोठ्याने सांगतो.

शिल्पकारांपैकी आल्बेर-एर्नेस्त कॅरिए-बेल्यूझ (१८२४–१८८७) याच्याकडे थोडा वेळ द्यावा, कारण त्याची सहीच काळ सांगते. साधारण १८६८ पर्यंत तो ‘ए. कॅरिए’ किंवा नुसतं ‘कॅरिए’ असं लिहायचा, त्यानंतर पूर्ण जोडनाव. सोनारकामाच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस, म्हणून केसांतली फुलं, लेस, कानातले डूल अशा बारकाव्यांत त्याची छिन्नी दिसते. त्याच्या नावाच्या पुतळ्यात हेच तपशील मऊ असतील तर नाव बाजूला ठेवा. १८६४ पासून तरुण रोदाँ, पुढे जगप्रसिद्ध झालेला शिल्पकार, त्याच्या कारखान्यात काम करत होता. याचा आधार घेऊन ‘यावर रोदाँचा हात फिरलाय’ असं सांगणारे विक्रेते भेटतात. त्याला कागदोपत्री पुरावा नसेल तर त्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नये.

झाँ-बाप्तिस्त कार्पो (१८२७–१८७५) याच्या पुतळ्यांवर सहीशिवाय त्याच्या मालकीचा, गरुडाचा शिक्का सापडतो. त्याच्या मृत्यूनंतर वारसांनीही प्रती काढल्या, त्याही अधिकृतच. एमान्युएल व्हिलानिस (१८५८–१९१४) याचे बायकांचे अर्धपुतळे भारतात बरेच दिसतात. समोरच्या पट्टीवर बायबलमधल्या ‘दलीला’सारखं पात्राचं नाव असतं, म्हणजे ते कोणा खऱ्या बाईचं व्यक्तिचित्र नव्हे. तेच मॉडेल ब्राँझमध्येही आणि जस्तातही निघालं, त्यामुळे इथे सुईच्या ओरखड्याला पर्याय नाही.

ऑग्युस्त रोदाँ (१८४०–१९१७) असं वाचलं तर उलट सावध व्हा. ‘अलेक्सी रूदिए’ हा त्याचे पुतळे ओतणाऱ्या ओतशाळेचा शिक्का सगळ्यात जास्त नकल झालेल्या शिक्क्यांपैकी आहे. १९६८ पासून फ्रान्समध्ये मूळ ब्राँझच्या बारा प्रतींची मर्यादा आहे: आठ क्रमांकाच्या आणि चार कलावंताच्या. १९८१ च्या नियमाने नंतरच्या नकलांवर ‘रप्रोद्युक्सिओं’ (नक्कल) हा शब्द स्पष्ट आणि न पुसणारा असावा लागतो. म्हणून बैठकीच्या कडेवर नुकतीच घासून सपाट केलेली जागा दिसली, तर तिथे आधी काय लिहिलेलं होतं हा प्रश्न विचारा.

नागपूरच्या हवेत

आपल्याकडचा उन्हाळा ब्राँझचा शत्रू नाही. ४५ अंशांची कोरडी हवा त्याला मानवते. घात करतो तो कूलर. टाकीतलं जड पाणी बारीक तुषार होऊन खोलीभर उडतं, पुतळ्यावर पांढरे ठिपके पडतात आणि बाहेर कोरडं ठणठणीत असताना खोलीतली आर्द्रता साठीच्या वर जाते. मार्चमध्ये कूलर बसवायच्या आधी पुतळ्याची जागा बदला. कूलरच्या झोताच्या रेषेत तर नकोच, शक्य असेल तर त्या खोलीतही नको. कोराडी-खापरखेड्याकडच्या वीजकेंद्रांची राख आणि गंधकाचा धूर, दिवाळीतले फटाके, देवघरातली उदबत्तीची काजळी, हे सगळं थरात बसतं. म्हणून शहराच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत पुतळा काचेच्या पेटीत बरा.

जूनच्या मध्यापासून खरी परीक्षा. ब्राँझमध्ये क्लोराइड शिरलेलं असेल, आणि चिंच-मिठाने घासलेल्या पुतळ्यात ते हमखास असतं, तर आर्द्रता ४२ ते ४६ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर आतून कुरतडणं सुरू होतं. फिकट हिरवी, पिठासारखी पूड फुटते. कानामागे, कॉलरच्या खाचेत, सहीच्या अक्षरांत बघा. खाली पांढरा कागद ठेवा, बांबूच्या काडीने हलकं टोचा. पूड गळली, खाली खड्डा दिसला आणि पुसल्यावर आठवड्याभरात पुन्हा आली, तर हा रोग. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर मात्र पॅटिनाचाच, त्याला हात लावू नका.

रोग दिसला तर पुतळा इतर ब्राँझपासून वेगळा करून बंद पेटीत सिलिका जेलसह ठेवा आणि आर्द्रता ४० टक्क्यांखाली आणा. पेटीच्या प्रत्येक घनमीटरला २० किलो हे जेलचं प्रमाण. ६० × ४० × ४० सेंमीच्या पेटीला साधारण २ किलो पुरतं. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. रंग उतरला की ११०–१२० अंशांवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा. आत छोटा आर्द्रतामापक हवाच, नाहीतर सगळं अंधारात. पुढचा उपचार, म्हणजे इथेनॉलमधलं ३ टक्के बेंझोट्रायझोल (गंज रोखणारं रसायन), संवर्धकाकडूनच करून घ्यावा. ते रसायन घातक आहे आणि पॅटिनाचा रंगही बदलू शकतं. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन अनुसंधान प्रयोगशाळा ही चौकशीची योग्य जागा.

निरोगी पुतळ्याची सफाई वर्षातून एकदा, फेब्रुवारीत. आधी मऊ कुंचल्याने धूळ. मग गरज असेल तरच १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात बिनवासाच्या सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब, आणि त्यात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं, फक्त बाटलीवर तसं लिहिलेलं बघून घ्या, ॲसिड नव्हे. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. आत पाणी जाऊ देऊ नका. साध्या पाण्याच्या बोळ्याने दोनदा पुसून सुती कापडाने कोरडं करा.

मेण लावायचं तर सूक्ष्मस्फटिकी मेण, रेनेसाँ वॅक्स किंवा तसलंच. सकाळच्या उन्हात वीस मिनिटं ठेवून धातू हाताला कोमट लागला की तळहाताएवढ्या जागेला हरभऱ्याच्या दाण्याएवढं मेण, पातळ पसरून. पंधरा मिनिटांनी जुन्या धोतराच्या कापडाने चोळा. जास्त लावलं तर खाचांत पांढरं साचतं आणि मग ते काढण्यात दिवस जातो. खोबरेल तेल लावायची आपल्याकडे फार हौस. त्यातली आम्लं तांब्याशी मिळून हिरवा चिकट लेप तयार करतात, धूळ बसते ती वेगळीच.

ठोकळ्याखाली रबर किंवा लोकरीचं फेल्ट घालू नका, दोन्हींतला गंधक धातू काळवंडवतो. पांढरं पॉलिथिन फोम घ्या. नवीन एमडीएफच्या कपाटात किंवा ताज्या रंगाच्या कोनाड्यातही ठेवू नये. रंग दिलेल्या कोनाड्याला निदान तीन आठवडे हवा खाऊ द्या.

कागदपत्रं

पुतळा १०० वर्षांहून जुना असेल तर तो १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात पुरावशेष ठरू शकतो, मग तो फ्रान्समध्ये घडलेला का असेना. धातूच्या शिल्पांची नोंदणी लागते का, हे विकत घेण्याआधीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारून घ्या. त्यांचं नागपूर मंडळ शहरातच आहे. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून विक्रेत्याकडून परवाना क्रमांकासह पक्की पावती मागा. ती देताना जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. परदेशातल्या लिलावाला किंवा नातेवाइकाला पाठवायचा विचार असेल तर खाजगीरीत्या पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. पुतळा १०० वर्षांच्या आतला असेल तर तो पुरावशेष नाही असा दाखला पुरातत्त्व विभागाकडून आधी घ्यावा लागतो. त्या अर्जासाठी चारही बाजू, पोट, सही आणि शिक्का यांचे फोटो, तिन्ही मापं आणि वजन एकाच फाइलमध्ये तयार ठेवा.